ओनोदेराची मान

आमच्या घरात भूकंप आधी डब्यांना कळायचा. इचिकावाच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आईनं फ्रिजवर स्टीलचे तीन डबे मुद्दाम एकावर एक ठेवले होते, आणि सगळ्यात वरच्याचं झाकण सैल ठेवलं होतं. मोठा भूकंप होऊन दीड वर्ष उलटलं होतं, तरी ते झाकण अधूनमधून वाजायचं. आई हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहायची आणि झाकण थांबेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. मग तोयोसुच्या ऑफिसातून बाबांचा मेसेज यायचा, 'इकडे तीन. तिकडे?' म्हणजे हादऱ्याची पातळी. आई उत्तर पाठवायची, 'डब्यांपुरता.' बाबांचं ऑफिस समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर होतं, आणि मोठ्या भूकंपाच्या दिवशी ते तिथून चालत घरी आले होते, हे ती विसरायला तयार नव्हती.

त्याच भूकंपात फुकुशिमाचं अणुकेंद्र फुटलं होतं, आणि तेव्हापासून आईचा कशावरच विश्वास नव्हता. दूध दूर उत्तरेच्या होक्काइदोचं, भाजी दक्षिणेच्या क्यूशूची, पोहे आणि साबुदाणा भारतीय दुकानातला. इतक्या वर्षांत जी कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, तिला येत नव्हती ती भाजीच्या पाकिटावरचं गाव वाचण्यापुरती तिनं भराभर शिकून घेतली. पालक स्वस्त असला तर स्वस्त का, असं ती विचारायची आणि महाग असला तर महाग का. नळाचं पाणी ती उकळायची. मी एकदा सांगितलं, "आई, उकळून किरणोत्सर्ग जात नाही. पाणी आटतं, बाकीचं तेवढंच राहतं." त्यावर ती म्हणाली, "बरं, मग उकळलेलं मी पिते. तू तुझ्या विज्ञानाचं पी." मी उकळलेलंच प्यायचो. आज माझी मुलगी दुकानातून काही आणते तेव्हा मी पाकीट उलटं करून मागची बाजू वाचतो, आणि ती जपानीत विचारते, 'बाबा, काय शोधतोस?'

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये होतो. हे वाक्य वाचून मला ओळखणारे हसतील, कारण तेव्हाही मी काडीसारखाच होतो. मी खेळायचो नाही. जपानी कॉलेजांच्या टीममध्ये खेळाडूंइतकीच इतर मुलं असतात. कुणी पाणी देतं, कुणी घोट्यांना पट्ट्या बांधतं, आणि दोघंतिघं आकडे ठेवतात. मी आकडेवाला होतो. सामना असला की मी प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कॅमेरा लावून बसायचो आणि रात्री घरी चित्रफीत पुढेमागे करून प्रत्येक चालीची नोंद करायचो: किती यार्ड हवे होते, चेंडू कुठे गेला, किती मिळाले. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीआधी खेळ पूर्ण थांबतो, दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर वाकून बसतात आणि मग एकदम भिडतात. थांबणं, मोजणं, भिडणं. मला तो खेळ आवडायचा कारण त्यात मोजायला वेळ मिळतो.

टीममधला माझा एकच खरा मित्र म्हणजे ओनोदेरा. तोही दुसऱ्या वर्षाला, माझ्या दुप्पट रुंद, आणि खेळात गार्ड. चेंडू मागे देणाऱ्या मधल्या खेळाडूला सेंटर म्हणतात, गार्ड त्याच्या शेजारी असतो. आमचा सेंटर होता कुरोदा-सान, चौथ्या वर्षाचा आणि कॅप्टन. ओनोदेरा फुकुशिमातल्या आयझु भागातला. त्याचे आजोबा तिथे भातशेती करायचे. आईच्या हातची लसणाची चटणी पोळीत गुंडाळलेली त्याला इतकी आवडायची की माझ्या डब्यात आई त्याच्यासाठी एक पोळी जास्त घालायची. ऑक्टोबरात आजोबांनी त्याची परतफेड म्हणून नव्या तांदळाची पाच किलोंची पिशवी पाठवली. पिशवीवर तपासणीचा गोल शिक्का होता.

आईनं ती पिशवी टेबलावर ठेवू दिली नाही. मी नकाशा उघडून दाखवला. "आयझु डोंगरापलीकडे आहे. त्या अणुकेंद्रापासून शंभरेक किलोमीटर. वर प्रत्येक पिशवी मशीनखालून काढलीय. हा बघ शिक्का."

"शिक्का कोणी मारला?"

"तिथल्या सरकारी यंत्रणेनं."

"आणि केंद्र सुरक्षित आहे असं कोणी सांगितलं होतं?"

बाबा पेपरामागून म्हणाले, "यावर तुझ्याकडे आकडा आहे का रे?"

नव्हता. आई जरा नरमून म्हणाली, "मुलगा गुणाचा आहे. त्याच्याबद्दल मी काही म्हणतच नाही. पण तांदूळ बाल्कनीत ठेव." मी पिशवी वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली. पुढे ओनोदेरा दर दोन दिवसांनी विचारायचा, "कारु, आजोबांचा फोन होता. कसा लागला तांदूळ?" करमरकर हे नाव तिथे कुणाच्या तोंडात बसत नसल्यामुळे मी सगळ्यांचा कारु होतो. मी सांगायचो, "घरातला संपला की उघडणार आहोत." तो मान डोलवायचा. एकदा तो म्हणाला, "माझ्या गावाचं नाव सांगितलं की हल्ली लोक अर्धं पाऊल मागे सरकतात. तुझ्या आईचं तसं नाही, हे बरं आहे."

त्या हंगामात आम्ही हरत होतो. हरण्याचं कुणाला विशेष वाटलं नसतं, पण आम्ही विचित्र पद्धतीनं हरत होतो. आमची सगळ्यात भरवशाची चाल अशी होती की गार्डनं आपली जागा सोडायची, सेंटरच्या मागून पलीकडे धावायचं आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला वाट करून द्यायची. आदल्या वर्षी ही चाल सरासरी सहा यार्ड द्यायची. आता एक यार्डही मिळेना. चित्रफितीत स्पष्ट दिसायचं की चेंडू हलण्याच्या आधीच समोरची टीम आम्ही जाणार त्या बाजूला सरकलेली आहे. एका टीमनं ओळखलं असतं तर हुशारी म्हटलं असतं. लागोपाठ तिघांनी ओळखलं. गटाच्या तळाच्या टीमना खालच्या गटातल्या टीमशी खेळून आपली जागा राखावी लागते, आणि तिथे हरलं की खाली जायचं. टीम खाली घालवणारं चौथं वर्ष असं नाव घेऊन कॉलेज सोडायचं, ही त्या मुलांना खरोखरीची भीती होती.

कुणी काही बोललं नाही. पण चेंडू फेकणारा मिझुनो-सान एकदा बुटांच्या नाड्या बांधता बांधता, कुणाकडेही न बघता म्हणाला, "आपल्या चाली सगळ्या कुणाला पाठ आहेत, एवढंच बघायला हवं." खेळाडूंना आपापलं काम पाठ असतं. सगळ्या चाली पाठ असणारी माणसं तीन, कॅप्टन, मिझुनो-सान स्वतः आणि मी. त्यातच आठवडाभर आधी ट्रेनमध्ये मला शाळेतला एक जुना वर्गमित्र भेटला होता. त्याच्या अंगात दुसऱ्या कॉलेजच्या टीमचं जॅकेट होतं आणि आम्ही फुनाबाशी स्टेशनपर्यंत परीक्षांबद्दल बोलत होतो. ते कुणीतरी पाहिलं होतं. त्यानंतर मी क्लबच्या खोलीत शिरलो की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी हवापाण्याचा विषय काढायचं. संशय घेण्याची ही फार नीटनेटकी पद्धत आहे. तिला उत्तरच देता येत नाही, कारण प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

मग मीही संशय घ्यायला लागलो. मिझुनो-सान एवढ्या लवकर का बोलला? पट्ट्या बांधणारी मुलगी दर सामन्याला समोरच्या टीममधल्या कुणाला हात करते? घरी बसून मी प्रत्येकासमोर शक्यता मांडत होतो, आणि खरं सांगायचं तर एका रात्री त्या यादीत मी ओनोदेरालाही घातलं होतं.

चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी कुरोदा-साननं मला नळापाशी गाठलं. तो कमी बोलणारा माणूस. "कारु, उद्याची पहिली चाल डावीकडे लांब पास आहे. कुणाला बोलू नकोस." मला बरं वाटलं. निदान कॅप्टनचा माझ्यावर विश्वास आहे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या चालीला पास नव्हताच, ती गार्डची उजवीकडची चाल होती, आणि समोरची टीम आधीच उजवीकडे उभी होती. शेवटच्या क्षणी बदल झाला असेल, असं मी धरलं. तो सामनाही आम्ही हरलो.

सोमवारी कुरोदा-साननं सगळ्यांसमोर मला सांगितलं, "पुढचे काही दिवस कॅमेरा दुसरं कुणी बघेल. तू पाणी दे." मग हात पुढे केला. मी क्लबच्या खोलीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ओनोदेरा तेवढा माझ्याकडे बघत होता.

घरी मी सांगितलं नाही, पण आईला कळलं. रात्री टेबलावर लॅपटॉप नव्हता एवढंच तिला पुरलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "सोडून दे. ज्यांना तू चोर वाटतोस त्यांना पाणी कसलं पाजतोस?" बाबा म्हणाले, "आत्ता सोडलंस तर ठरूनच जाईल." दोघांचंही बरोबर होतं. मी मुगाची उसळ ढवळत बसलो.

एदोगावा नदीच्या काठावर आमचा सराव चालायचा. पाणी देणाऱ्यानं खेळाडूंच्या मागे, अगदी जमिनीच्या पातळीवर उभं राहायचं असतं. दोन हंगाम मी हा खेळ वरून पाहिला होता. वरून हेल्मेटं वाटाण्यांसारखी दिसतात. खालून पहिल्यांदाच मला त्यांचे श्वास ऐकू आले, गुडघ्यांचे आवाज, एकमेकांना पुटपुटलेले शब्द. पाण्याच्या बाटल्यांचा पिंजरा हातात धरून मी सवयीनं चाली मोजायला लागलो, कारण मोजण्यावाचून मला उभं राहता येत नाही. तिसऱ्या दिवशी मला ते दिसलं.

खेळाडू गोल करून चाल ठरवतात आणि मग आपापल्या जागी येतात. हात जमिनीला टेकवण्याआधी, एखाद्या क्षणापुरती, ओनोदेराची मान कुरोदा-सानच्या दिशेनं लवायची. दर वेळी नाही. ज्या चालीत त्याला जागा सोडून पलीकडे धावायचं असे त्याच चालीत. तो गेला की त्याची रिकामी जागा कुरोदा-सानला सांभाळावी लागे, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पोरगा चौथ्या वर्षाच्या कॅप्टनवर आपलं काम टाकून जात असे. असं काम टाकताना जपानी माणूस काय करतो? थोडा वाकतो. 'तेवढं बघा हं,' म्हणतो. ओनोदेरा ते मानेनं म्हणत होता, आणि आपण म्हणतोय हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आमच्या चाली कुणी विकल्या नव्हत्या, की कुठे पोचवल्या नव्हत्या. दुसऱ्या कॉलेजांचे कॅमेरे मैदानाच्या टोकाला, खाली असायचे. त्यांना ती मान दिसायची.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे बोललो तर माझं नाव स्वच्छ होणार होतं, आणि चार पराभव ओनोदेराच्या मानेवर जाणार होते. लोक ज्याच्यापासून आधीच अर्धं पाऊल मागे सरकत होते त्याच्यावर. त्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आला आणि म्हणाला, "कारु, तू नाहीस हे मला माहीत आहे. मी सगळ्यांना तसं सांगू का?" मी म्हटलं, "नको." त्यानं खिशातून पैसे काढून मला कोपऱ्यावरच्या दुकानातून मांस नसलेला गरम बन शोधून घेऊन दिला. घेवड्याच्या गोड सारणाचा होता. मी तो तसाच हातात धरून ट्रेनमध्ये चढलो.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी मी कुरोदा-सानकडे गेलो. "आज मी तुमच्या पाठीमागे उभा राहतो. प्रत्येक चालीआधी ओनोदेरा जाणार की नाही ते खाकरून सांगतो. एकदा खाकरलो तर जाणार."

त्या दिवशी मी पुष्कळ खाकरलो. एकदाही चुकलो नाही. सराव संपल्यावर तो घामेजल्या चेहऱ्यानं माझ्यापाशी आला, पाण्याची बाटली घेतली आणि विचारलं, "कसं?"

मी सांगितलं. "मला तर रोज दिसत होती ती मान," तो म्हणाला. "मी तिला उत्तरही देत होतो. मला वाटायचं, पोरगा चांगल्या वळणाचा आहे."

"त्याला सांगणार?"

"सांगितलं तर तो खेळेल का?"

"नाही," मी म्हटलं. "उद्याच बॅग भरून गावी जाईल."

"मग कुणालाच सांगायचं नाही." बाटली परत देताना तो क्षणभर थांबला. "कुणालाच म्हणजे कुणालाच, कारु. तुला ते परवडेल का?"

म्हणजे माझ्यावरचा संशय तसाच राहणार होता. मी हो म्हटलं.

शेवटच्या सामन्याआधी कॅप्टननं पुढच्या रांगेतल्या पाचही जणांना बोलावून जाहीर केलं की चौथ्या वर्षाचा हा शेवटचा साखळी सामना आहे, तेव्हा प्रत्येक चालीआधी प्रत्येकानं शेजाऱ्याला मान लववून आभार मानायचे. मिझुनो-सान म्हणाला, "आपण लग्नाला चाललोय का?" कुरोदा-सान म्हणाला, "हो." आणि मग नोव्हेंबरच्या त्या थंडीत मी पाहिलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. पाच आडदांड पोरं चालीआधी एकमेकांना माना लववत होती आणि पुढच्या क्षणी बैलांसारखी भिडत होती. समोरच्या टीमचा मागचा खेळाडू आधी उजवीकडे धावला, मग डावीकडे, मग हात पसरून आपल्या कोचकडे बघत उभा राहिला. प्रेक्षकांत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं आमच्या कॉलेजचा हा काही संस्कार असावा. त्या दिवशी गार्डची चाल सरासरी सात यार्ड गेली. आम्ही जिंकलो आणि तळातून बाहेर पडलो. ओनोदेरा रडत होता, नाक हेल्मेटला पुसत होता, आणि मला मिठी मारून म्हणत होता, "बघितलंस, आभार मानण्यात किती ताकद असते!"

रात्रीच्या पार्टीत माझ्या दोन्ही बाजूंच्या बसायच्या गाद्या रिकाम्या होत्या. मला कॅमेऱ्यावरून काढलं आणि टीम जिंकली, हा हिशेब कुणालाही करता येण्यासारखा होता. मिझुनो-साननं माझ्या ग्लासात ऊलाँग चहा ओतला, अगदी काठोकाठ, अगदी सभ्यपणे, आणि उठून गेला. शेवटी कुरोदा-सान येऊन बसला.

"एक सांगायचंय. चौथ्या सामन्याआधी तुला पास सांगितला होता. तो खोटा होता. फक्त तुला सांगितला होता."

"म्हणजे परीक्षा होती."

"हो. ते पासासाठी उभे राहिले असते तर तू. ते तसे उभे राहिले नाहीत."

मला हिशेब करायला वेळ लागला. "म्हणजे मी नाही, हे तुम्हांला रविवारीच कळलं होतं. किल्ली तुम्ही सोमवारी घेतलीत."

"तू नाहीस असं म्हटलं असतं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले असते. एका आठवड्यात टीम फुटली असती." तो टेबलाकडे बघत म्हणाला, "तुझ्यावर संशय होता तोपर्यंत बाकीचे एकत्र होते." मग तो वाकला. कपाळ जवळजवळ टेबलाला लागेपर्यंत, आणि बराच वेळ तसाच राहिला. मी उठलो आणि बूट घातले. त्या वाकण्याला मी उत्तर दिलं नाही. आजही देईन असं वाटत नाही, जरी त्याचा हिशेब बरोबर होता हे मला मान्य आहे.

घरी आलो तेव्हा जेवणं व्हायची होती. आई म्हणाली, "जिंकलात ना? मग तोंड असं का?" मी बाल्कनीत गेलो आणि वॉशिंग मशीनच्या मागून ओनोदेराच्या आजोबांची पिशवी काढली. शिक्का तसाच होता. दीड महिना ती तिथे स्वच्छ होती आणि दीड महिना ती बाहेर होती. मी कात्रीनं ती उघडली, दोन वाट्या तांदूळ धुतले, आणि कुकर लावला. आई ओट्यापाशी हात पुसत उभी राहिली. तिनं अडवलं नाही. भाताचा वास घरभर सुटला. जरा गोडसर असतो नव्या तांदळाचा वास. बाबा पेपर ठेवून आपणहून टेबलाशी आले.

मी पानं घेतली, भात वाढला, त्यावर वरण आणि तूप घातलं. भात चिकट होता, वरणात नीट मोकळा होईना. मी पहिला घास कालवला, तेवढ्यात आईनं माझ्या ताटातून तो उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. तिनं सावकाश चावला, गिळला. मी पुन्हा हात पुढे केला तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी मला पचू दे."

आम्ही तिघं थांबलो.